एक ळ कमी

डॉक्टर कुशवाह म्हणाले, रोज चार हजार पावलं.
बागेत गोल गोल फिरायला मी काही घाण्याचा बैल नाही,
म्हणून निघते निंबाळकरांच्या गोठीतून
डाव्या गुडघ्याची समजूत घालत
बाड्याकडे.

सदतीस वर्षं ए.जी. ऑफिसात
लोकांच्या वह्यांतली चूक शोधली.
पेन्शन लागली म्हणून सवय सुटत नाही,
चालते तीही तपासतच.
बेडईच्या कढईतलं तेल कालचं की परवाचं.
नाल्यावरची ही नवी फरशी कुणाच्या खर्चात.
साडीवाल्याच्या पुतळीला तीच मोरपंखी साडी
दिवाळीपासून.
गजकवाल्याकडे दोघं तीळ कुटतायत
समोरासमोर, आलटूनपालटून,
एकाचाही घण दुसऱ्याच्या घणाला लागत नाही.
शेरा नाही.
"अम्मा, हटो!" ई-रिक्षा कोपर घासून जाते,
तिच्यात सहा माणसं, एक शिलाई मशीन
आणि मशीनवर बसलेलं सातवं.

मोठा आक्षेप मात्र पाट्यांवर आहे.
फालका बाजार.
निंबालकर की गोठ.
आडनावं आमची, 'की' त्यांची, हरकत नाही.
इतक्या वर्षांचा शेजार म्हटल्यावर
'ची' आणि 'की' एकमेकींकडे विरजण मागणारच.
पण ळ?
कुठल्या साली खर्ची पडला, कुणाच्या सहीनं?
पावती जोडलेली नाही.
ताळेबंद म्हणतात त्याला.
ळ काढून जुळवून दाखवा.

खरं सांगायचं तर माझ्याही वहीत खोट आहे.
फोनवर पत्ता देताना मीच म्हणते निंबालकर,
पार्सलवाल्या पोराला कळावं म्हणून.
आणि परवा आरतीत
'सकळ'च्या जागी 'सकल' निघून गेलं.
देवानं ऐकून घेतलं.
तोही इथलाच झालेला.

टोपी बाजारात टोपी शोधावी लागते.
इलियासभाईंचं दुकान मात्र सापडतं,
एक माणूस रुंद आणि डब्यांच्या रांगेइतकं लांब.
ज्या डब्यात जे बटण, ते त्याच्या झाकणावर टाचलेलं.
मी म्हटलं, "भैया, काला धागा. एक रील."
आधीच्या गिऱ्हाइकाला हुक मोजून देता देता,
मान वर न करता, ते म्हणाले,
"काळा, कि गहरा निळा?
शाम को दोनों एक-से दिखते हैं, माताजी,
झगड़ा सुबह होता है."

दोन ळ.
स्वच्छ. जीभ मागे वळवून, टाळूवरून सोडलेले.

"कुठं शिकलात हो?"
तोंडातून मराठीच निघालं.
ते गोंधळले. "क्या?"
मराठी त्यांना येत नव्हती.
अब्बा गल्ल्यावर बसत तेव्हा बायका यायच्या,
लुगड्याचा काठ काउंटरवर पसरून रंग जुळवून मागायच्या:
काळा, निळा, पिवळा, जांभळा.
"हम तो यही समझे, रंगों के नाम ऐसे ही होते हैं.
एक लाल का समझ में नहीं आता था.
वो बेचारा अलग क्यों."

मला हसू आलं, मग नीट आलं नाही.
दहा रुपये दिले.
त्यांनी एक सुई वरून टाकली, अशीच.
ती कुठल्या सदरात दाखवायची, मला माहीत नाही.

नई सडकेपर्यंत तोंडातल्या तोंडात म्हणत आले,
जांभळा, पिवळा, सावळा, ढवळा, पोपटी,
नाही, पोपटी नाही, पुन्हा पहिल्यापासून.
समोरून येणाऱ्या बाईनं
पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं.

दारात आल्यावर पिशवी चाचपली.
सुई आहे.
रीळ तिथंच राहिलं, काउंटरवर.
फोन म्हणतो चार हजार बारा, पुरे.
गुडघा म्हणतो उद्या.

चपला अजून पायातच आहेत.